हवेची गादी घेतांना काय पाहावें

शेतकऱ्याच्या घरांत बैल विकत घ्यावयाचा झाला म्हणजे चार जाणत्या माणसांना बरोबर नेतात, दांत पाहतात, चाल पाहतात, खांदा चाचपतात आणि मगच इसार देतात. परंतु त्याच घरांत वडील माणूस पक्षाघातानें अगर खुब्याचें हाड मोडून अंथरुणाला खिळलें आणि "हवेची गादी आणा" असें डॉक्टरांनीं सांगितलें, म्हणजे तालुक्याच्या गांवीं जावयाचें आणि दुकानदार देईल ती गादी उचलून आणावयाची, अशीच बहुधा रीत दिसते. वेळ घाईची असते, मन ठिकाणावर नसतें, आणि ही वस्तु पूर्वीं कधीं घरांत आलेली नसल्यामुळें तींत काय पाहावयाचें हेंही ठाऊक नसतें. पुढें थोड्याच दिवसांत पंप बंद पडतो, किंवा ती गादी मुळीं रुग्णाची नव्हतीच असें कळतें. आणि तोंपर्यंत माकडहाडावर जखम उघडलेली असते.

या गादीला बाजारांत 'एअर बेड' म्हणतात. ती कोणत्या कामाची, तिच्या जाती किती, दुकानांत ती कशी पारखावी आणि घरीं आणल्यावर तिच्याकडून किती अपेक्षा धरावी, हें या लेखांत क्रमानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे. आम्ही वैद्य नाहीं. आमची उमर महसुली दप्तरांत गेली. म्हणून औषधोपचाराविषयीं येथें कांहीं सांगणार नाहीं. तो डॉक्टरांचा अधिकार. परंतु उतारा वाचल्यावांचून जमीन घेऊं नये आणि माप प्रत्यक्ष पाहिल्यावांचून हद्द मान्य करूं नये, हा दप्तरांतला धडा या खरेदीलाही लागू पडतो, अशी आमची खात्री आहे.

जखम कां होते:— शेतकऱ्याला हें समजावून देण्यास फार शब्द नकोत. जूं एकाच जागीं दाबून व घासून बैलाचा खांदा सुजतो, पुढें कातडी फाटते, आणि मग कित्येक दिवस तो बैल औताला उपयोगी पडत नाहीं. निजलेल्या माणसाचें तेंच होतें. अंगाचें वजन हाडांच्या उंचवट्यांवर येतें. हाड आणि अंथरूण यांच्यामध्यें कातडी व मांस चेंगरतें. तेथील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या मिटतात, आणि रक्त न पोंचल्यामुळें तो भाग मरूं लागतो. निरोगी माणूस झोपेंतही नकळत कूस बदलतो, म्हणून त्याला कांहीं होत नाहीं. ज्याचें अंग लुळें पडलें आहे, ज्याला मधुमेहानें अगर मणक्याच्या इजेनें स्पर्शच कळत नाहीं, किंवा जो अशक्तपणामुळें हलूं शकत नाहीं, त्याला हें साधत नाहीं. अशा रीतीनें होणाऱ्या जखमेला शय्याव्रण म्हणतात.

या बारीक वाहिन्यांतील रक्ताचा दाब युजीन लँडिस या अमेरिकन शास्त्रज्ञानें मोजून १९३० सालीं प्रसिद्ध केला. जेथें रक्त त्यांत शिरतें त्या टोकाशीं तो सरासरीनें पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरइतका भरला. दंडाला पट्टा बांधून डॉक्टर जो रक्तदाब पाहतात, त्याचा वरचा आंकडा निरोगी माणसांत १२० च्या आसपास असतो. त्या मानानें हा दाब किती थोडा, हें वाचकांच्या ध्यानांत येईल. ही मोजणी निरोगी माणसांची होती. आजारी व वृद्ध देहांत याहून कमी दाबानेंही वाहिन्या मिटूं शकतात. म्हणून ३२ हा आंकडा हद्दीचा दगड समजूं नये. दाबाइतकाच काळही महत्त्वाचा आहे. मायकेल कोसियाक यांनीं कुत्र्यांवर केलेले प्रयोग १९५९ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें दिसलें कीं, मोठा दाब थोडा वेळ राहून जें नुकसान करतो, तेंच लहान दाब पुष्कळ वेळ राहिल्यास होतें. तेव्हां उपाय दोनच: दाब कमी करणें आणि दाबाचा काळ तोडणें. गादीची सारी पारख या दोन गोष्टींत आहे.

माकडहाड, खुबे, टांचा, घोटे, कोंपरें, खांद्याच्या पाठीमागील हाडें आणि डोक्याची मागची बाजू, या जागा रोज उजेडांत पाहाव्या. लाली दिसल्यास बोटानें दाबून पाहावें. दाबल्यावर ती फिकी पडून पुन्हां परतली, तर तेथें रक्त अजून वाहतें आहे. दाबूनही तशीच राहिली, तर व्रणाचा आरंभ झाला असें समजून डॉक्टरांना दाखवावें. सांवळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाहीं. अशा वेळीं ती जागा शेजारच्या भागापेक्षां गरम किंवा गार, कठीण किंवा लिबलिबीत लागते कीं काय, हें हातानें चाचपून पाहावें. गादी घ्यावयाची ती या खुणा दिसण्याच्या आधीं. माणूस स्वतः कूस बदलूं शकत नाहीं हें कळलें, तोच गादी घेण्याचा दिवस. जखम झाल्यावर आणलेली गादी वाया जात नाहीं, परंतु पीक वाळल्यावर दिलेल्या पाण्यासारखी तिची गत होते.

हवा काय काम करते:— चिखलांत पाय रुततो. पण त्यावर फळी टाकून चाललें तर रुतत नाहीं. वजन तेंच असतें, तें अधिक जागेवर पसरतें इतकेंच. मऊ गादी अंगाच्या आकाराप्रमाणें दबते आणि हाडांच्या टोंकांवरचें वजन सबंध पाठीवर वांटून देते. याच हेतूनें नील आर्नॉट या स्कॉटिश वैद्यानें १८३२ सालीं रुग्णांसाठीं पाण्याची शय्या काढिली. पाण्याच्या गाद्या आजही स्वस्तांत मिळतात व त्यांना वीज लागत नाहीं. परंतु एक लिटर पाण्याचें वजन एक किलो, त्यामुळें भरलेली गादी जागची हलवितां येत नाहीं, थंडींत ती अंगाला गार लागते, आणि फुटली तर सारें अंथरूण भिजतें.

साधी हवेची गादी हीही दाब वांटण्याचेंच काम करते. रुग्णासाठीं जी खास गादी असते ती याच्या पुढें एक पायरी जाते. तींत फुग्यांचे अगर नळ्यांचे दोन गट असतात. पंप एका गटांत हवा भरीत असतां दुसऱ्या गटांतील हवा उतरते; ठराविक मिनिटांनंतर उलट होतें. त्यामुळें अंगाचा जो भाग आतां टेकलेला आहे तो थोड्या वेळानें मोकळा होतो आणि तेथें रक्त पुन्हां खेळतें. आपल्याकडे कालव्याचें पाणी पाळीपाळीनें सोडतात. त्याप्रमाणें येथें कातडीच्या प्रत्येक भागाला विसाव्याची पाळी येते. बहुतेक यंत्रांत हा फेरा दहा मिनिटांच्या आसपास असतो. ज्या गादींत ही पाळी नाहीं ती दाब कमी करील, पण त्याचा काळ तोडणार नाहीं. हा भेद मनांत पक्का ठेवून मग दुकानांत जावें.

गाद्यांचे प्रकार:— (१) पाहुण्यांची अगर सहलीची गादी. ही जाड प्लॅस्टिकची, वर मखमलीसारखा लेप असलेली, पायानें किंवा हातपंपानें एकदां फुगवून तोंड बंद करावयाची असते. पाहुणा चार रात्री निजण्यास ती ठीक आहे. हिच्यांत पाळी नाहीं. रात्रींतून हवा सैल होते. कडेला बसल्यास कड दबून माणूस घसरतो. आणि प्लॅस्टिकच्या सलग पृष्ठामुळें पाठीला घाम साचतो. ओलसर कातडी लौकर फाटते. तालुक्याच्या एका दुकानांत हीच गादी "पेशंटसाठीं चालते" म्हणून आमच्यापुढें ठेवण्यांत आली होती. ती चालत नाहीं. आणखी एक सूचना येथेंच देतों: तान्ह्या मुलाला कोणत्याही हवेच्या गादीवर निजवूं नये. मऊ पृष्ठांत तोंड रुतून किंवा गादी व भिंत यांच्या फटींत सांपडून मूल गुदमरूं शकतें.

(२) बुडबुड्यांची गादी. एका प्लॅस्टिकच्या पत्र्यावर वाटीएवढे अनेक फुगे, आंतून दोन गटांनीं जोडलेले. सोबत लहान पंप व दोन नळ्या. ही नेहमींच्या गादीवर अंथरावयाची असते. दोन्ही टोकांना लांब झालर असते, ती खालच्या गादीखालीं खोंवतात. ही सर्वांत स्वस्त. घरगुती वापरांत हीच अधिक दिसते. हिची उंची थोडी, म्हणून जड माणसाच्या ढुंगणाखालीं फुगे पार दबून अंग खालीं टेकण्याचा संभव असतो. शिवाय एक फुगा फुटला कीं त्या सबंध गटाची हवा जाते.

(३) नळ्यांची गादी. आडव्या ठेवलेल्या चार-पांच इंच उंचीच्या वेगवेगळ्या नळ्या, वरून कापडी आच्छादन. एक नळी खराब झाली तर ती एकटीच काढून बदलतां येते, हा मोठा फायदा. ज्याला महिनोगणती निजून राहावयाचें आहे, किंवा ज्याचें वजन जास्त आहे, त्याच्यासाठीं पदरीं ऐपत असल्यास ही घ्यावी. कांहीं नळ्यांना सुईनें पाडल्यासारखीं बारीक छिद्रें असतात. त्यांतून झिरपणाऱ्या हवेनें पाठ कोरडी राहते. अशी गादी पाहून "ही गळते" म्हणून परत करूं नये. मात्र तिचा पंप अखंड चालला पाहिजे, हें लक्षांत ठेवावें.

(४) संपूर्ण रुग्णालयी गादी. खालची गादी काढून त्या जागीं ठेवावयाची, आठ इंच किंवा अधिक उंचीची. ही पहिल्या प्रकारांपेक्षां कित्येक पट महाग.

महाग तें चांगलें, अशी समजूत येथें कितपत खरी आहे, हें पाहण्यासारखें आहे. इंग्लंडांत ११ रुग्णालयांत १,९७२ रुग्णांवर एक मोठी तुलना झाली व ती २००६ सालीं प्रसिद्ध झाली. पाळीची वरून अंथरावयाची गादी एका गटाला आणि पाळीची संपूर्ण गादी दुसऱ्या गटाला दिली. नवीन व्रण पहिल्या गटांत १०.७ टक्के रुग्णांना व दुसऱ्यांत १०.३ टक्के रुग्णांना झाले. म्हणजे फरक जवळजवळ नाहीं. गादी बदलून मागणारे रुग्ण मात्र पहिल्या गटांत अधिक निघाले, तेव्हां आरामाच्या दृष्टीनें महाग गादी थोडी सरस म्हणतां येईल. पुढें २०१९ सालीं ब्रिटनमधील २,०२९ रुग्णांची दुसरी तुलना प्रसिद्ध झाली. तींत पाळीची हवेची गादी आणि उत्तम प्रतीच्या फोमची गादी यांच्यामध्यें निर्विवाद असा फरक दिसून आला नाहीं. अर्थात् तेथें परिचारिका होत्या आणि रुग्णांना वळविलें जात होतें. या दोन आंकड्यांतून शेतकऱ्यानें घ्यावयाचा बोध असा: कर्ज काढून सर्वांत महाग गादी घेण्याचें कारण नाहीं, आणि ज्या वस्तीवर विजेचा मुळींच भरवसा नाहीं, तेथें बंद पडलेल्या हवेच्या गादीपेक्षां दाट, जाड, न बसणारी फोमची गादी बरी. जुनी कापसाची गादी मात्र या कामाची नव्हे. तिच्यांत कापसाचे गोळे होतात आणि तेच हाडांना टोंचतात.

पंप व वीज:— गादीचा जीव पंपांत आहे. आंत एक रबरी पडदा विजेच्या योगानें थरथरतो व हवा ढकलतो. मासे पाळण्याच्या कांचपेटींतील पंपाचें तत्त्व हेंच. हवा एकदां या नळींत व एकदां त्या नळींत सोडणारी एक फिरती चकती त्यांत असते. हा पंप रात्रंदिवस चालावयाचा असतो. म्हणून त्याचा आवाज, त्याचा टिकाऊपणा व त्याची दुरुस्ती यांकडे गादीपेक्षांही अधिक लक्ष द्यावें. रबरी पडदा झिजतो. तो वेगळा मिळतो कीं नाहीं आणि बसवून कोण देतो, हें बिल करण्यापूर्वीं विचारावें. सुटा पंप विकत मिळत असेल तर त्याची किंमतही विचारून ठेवावी.

विजेचा खर्च नगण्य आहे. पेटीवर १० वॅट लिहिलें असेल तर चोवीस तासांत पाव युनिटाहूनही कमी वीज लागते. महिन्याचीं सुमारें सात युनिटें होतात. भीति खर्चाची नसून भारनियमनाची आहे. वीज गेली कीं हवा हळूहळू उतरते आणि अंग खालच्या गादीवर टेकतें. घरीं इन्व्हर्टर असल्यास पंपाची तार त्याच्याच खटक्याला जोडावी. भार एका लहान एल.ई.डी. दिव्याइतकाच पडतो. इन्व्हर्टर नसल्यास, वीज गेल्यावर हवा किती वेळ टिकते हें आपल्या गादीपुरतें एकदां पाहून ठेवावें. कांहीं पंपांच्या नळ्या सोडवून टोपणें लावल्यास हवा आंत कोंडून राहते. अशी सोय असलेला नग आधीं पसंत करावा. परंतु कोंडलेल्या हवेला पाळी नाहीं. म्हणून वीज नाहीं तोंपर्यंत माणसानें वळविण्यांत खंड पडतां कामा नये.

ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांनीं तिकडून यंत्र मागवितांना विचार करावा. तेथील घरगुती वीज १२० व्होल्टची व सेकंदाला ६० आवर्तनांची. आपली २३० व्होल्टची व ५० आवर्तनांची. तेथला पंप येथें थेट जोडला तर जळेल. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरतात, आवर्तनें बदलत नाहींत. आणि अशा थरथरत्या पंपाचें काम आवर्तनांवरच बेतलेलें असतें. मुलानें पैसे पाठवावे व गादी येथेंच घ्यावी, हें सोयीचें.

दुकानांत पारख:— रुग्णसाहित्याच्या दुकानांत जातांना पुढील गोष्टी लिहून न्याव्या: रुग्णाचें वजन, खाटेची लांबी-रुंदी, आणि जखम झाली असल्यास ती कोठें व कशी. गादी सामान्यतः साडेसहा फूट लांब व तीन फूट रुंद असते. बाज अरुंद असेल तर ती कडेनें लोंबते. पेटीवर किती किलोपर्यंत वजन चालतें हें छापलेलें असतें. रुग्ण त्या मर्यादेच्या अगदीं कांठावर असेल, तर वरच्या प्रतीची गादी पाहावी.

बंद पेटी उचलूं नये. दुकानांत गादी उघडून पंप लावावयास सांगावें. पूर्ण फुगण्यास अर्धा तास, केव्हां केव्हां अधिक वेळ लागतो. तेवढा वेळ काढून बसावें. मग बरोबरच्या माणसाला तीवर निजवून हात गादीवर ठेवून पाहावें. दहा-पंधरा मिनिटांत एक गट उतरून दुसरा चढला पाहिजे. न चढल्यास ती गादी पाळीची नाहीं किंवा पंप सदोष आहे. पंपावर दाब कमी-जास्त करण्याचें बटण असतें. तें फिरवून गादी खरोखर कठीण व मऊ होते कीं नाहीं हें पाहावें. पंप टेबलावर ठेवून आवाज ऐकावा. दुकानाच्या गलबल्यांत जो आवाज लहान वाटतो, तो मध्यरात्रीं रुग्णाच्या उशापायथ्याशीं मोठा होतो. नळ्यांच्या सांध्यांना साबणाचें पाणी लावल्यास गळती बुडबुड्यांवरून कळते. शेवटीं पक्कें बिल घ्यावें आणि हमीपत्रांत गादी व पंप या दोहोंची मुदत वेगवेगळी लिहून घ्यावी. पुष्कळदां हमी पंपाचीच असते व गादीची नसते.

मणक्याचें हाड मोडून तें अद्याप स्थिर झालें नसेल, तर हलती गादी घातक ठरूं शकते. अशा रुग्णासाठीं डॉक्टरांच्या स्पष्ट सांगण्यावांचून ती घेऊंच नये.

घरीं आणल्यावर:— बुडबुड्यांची गादी उघड्या खाटेवर किंवा जमिनीवर न टाकतां नेहमींच्या गादीवर, फुगे वरच्या बाजूस करून अंथरावी. नळ्या पायथ्याशीं याव्या. त्यांना मुरड पडूं देऊं नये. पंप खाटेच्या पायथ्याच्या दांडीला टांगावा. जमिनीवर ठेवल्यास त्यांत धूळ जाते, आणि धान्याच्या घरांत उंदरांना नळी कुरतडण्यास वेळ लागत नाहीं. दाबाचें बटण रुग्णाच्या वजनाप्रमाणें लावावें. "भरपूर हवा असलेली बरी" ही समजूत चुकीची आहे. टच्च फुगलेली गादी फळीसारखी होते.

बरोबर हवा किती, याची परीक्षा हातानें होते. रुग्ण उताणा निजला असतां हवेची गादी आणि खालची गादी यांच्यामध्यें, ढुंगणाच्या जागीं, तळहात वर करून हात सरकवावा. हाताच्या व अंगाच्या मध्यें निदान एक इंच फुगलेली जागा राहिली पाहिजे. हाताला हाड लागलें तर हवा कमी आहे, किंवा गादी त्या वजनाला पुरत नाहीं. ही परीक्षा पहिल्या दिवशीं करावी व पुढें आठवड्यांतून एकदां तरी करावी. डोक्याकडचा भाग उंच करून रुग्णाला बसतें केलें असतां वजन ढुंगणावर एकवटतें, म्हणून त्या स्थितींतही हात घालून पाहावें.

वर एकच सुती चादर सैल अंथरावी. आमच्या घरांतून मायेपोटीं हवेच्या गादीवर गोधडी, तीवर मेणकापड, तीवर दुहेरी चादर, असे थर चढतात. त्यांनीं गादीचें सारें काम बुडतें, कारण फुग्यांची चढउतार अंगापर्यंत पोंचतच नाहीं. बिडीचा निखारा, सुई, टोंकदार बांगडी व मांजराचीं नखें यांपासून गादी जपावी. पुसावयाची झाल्यास पंप बंद करून सौम्य साबणाच्या पाण्यानें पुसावी व सावलींत वाळवावी. गादीमुळें अंथरुणाची उंची वाढते आणि कडा मऊ असतात. जो रुग्ण अजून उठण्याची धडपड करतो तो घसरून पडूं शकतो. खाटेला कठडा असेल तर तो आतां पुरेसा उंच राहिला कीं नाहीं, हें पाहावें.

गादीला जें करतां येत नाहीं:— ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीं, म्हणून आम्ही विस्तारानें सांगतों. हवेची गादी माणसाला वळवीत नाहीं. १९४४ सालीं इंग्लंडांत स्टोक मँडेव्हिल येथें मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठीं डॉ. लुडविग गुटमन यांनीं रुग्णविभाग सुरू केला. त्या काळीं असे रुग्ण व्रणांनीं व मूत्रविकारांनीं दगावत. त्यांनीं रुग्णांना दर दोन तासांनीं, रात्रींसुद्धां, कूस बदलवून देण्याचा कडक नियम घातला, आणि अंगाचा खालचा भाग लुळा पडलेलीं माणसें उठून कामाला लागूं शकतात हें दाखवून दिलें. मोठें यंत्र तेथें नव्हतें. माणसांचे हात होते.

आपल्या घरांत हे हातच कमी पडतात. पेरणीच्या व सुगीच्या दिवसांत घरांतलीं कर्तीं माणसें पहांटेपासून शेतांत असतात. घरीं एक म्हातारी व एक शाळकरी पोर. त्या आठ तासांत रुग्ण एकाच कुशीवर पडून राहतो, आणि पुष्कळशा जखमांचा आरंभ अशाच दिवसांत होतो. अशा वेळीं गादी कांहीं वेळ सांभाळून घेते, हें तिचें खरें मोल. परंतु सबंध दिवस ती एकटी सांभाळील असें मानूं नये. दुपारच्या भाकरीला एकानें घरीं यावें, आणि जातांना-येतांना वळवून जावें. वळविण्याच्या वेळा भिंतीवर कागद लावून त्यावर खूण करीत जावें. आमच्या अनुभवानें, जें काम वहींत चढतें तें होतें, आणि जें आठवणीवर सोडतात तें राहतें.

वळवितांना पूर्ण कुशीवर न टाकतां पाठीमागें उशी देऊन थोडें कलतें ठेवावें. त्यामुळें खुब्याच्या हाडावर भार येत नाहीं. पोटऱ्यांखालीं उशी देऊन टांचा अधांतरीं ठेवाव्या. टांचांचें रक्षण उशीनें होतें तितकें गादीनें होत नाहीं. रुग्णाला ओढूं नये, दोघांनीं चादरीसह उचलावें. ओढण्यानें कातडी आंतून सुटते. जेवण झाल्यावर डोक्याकडचा भाग फार वेळ उंच ठेवूं नये, कारण अंग हळूहळू खालीं घसरतें व माकडहाडाची कातडी ताणली जाते. लाल झालेल्या जागीं चोळूं नये. तेल लावून रगडण्याची आपली जुनी संवय येथें अपाय करते. मध्यें भोंक असलेलें हवेचें कडें ढुंगणाखालीं देण्याचीही चाल आहे. त्याच्या कडेवर दाब येऊन मधल्या भागाचें रक्त उलट अडतें, म्हणून तें वापरूं नये.

भाड्यानें कीं विकत:— ही गादी कित्येक घरांत कांहीं महिनेच लागते. रुग्ण बरा होतो, किंवा ईश्वरेच्छा. आणि मग पंप माळ्यावर जाऊन पडतो. पुष्कळ शहरांत अनामत ठेवून रुग्णसाहित्य वापरावयास देणारीं केंद्रें आहेत. प्रथम तेथें चौकशी करावी. मात्र वापरलेली गादी आणतांना वर सांगितलेली सारी पारख करावी व ती धुऊन पुसून घ्यावी.

याहून चांगली गोष्ट अशी कीं, प्रत्येक गांवच्या सोसायटीनें अशा दोन गाद्या व एक जादा पंप आपल्या गुदामांत ठेवावा. औषध फवारण्याचा पंप आपण चारचौघांत वापरतों, तशीच ही वस्तु आहे. एक नोंदवही असावी. तींत नेणाऱ्याचें नांव, तारीख, अनामत, परत आली तेव्हां हवा टिकली कीं नाहीं, आणि पुसून ठेवल्याची सही, एवढे रकाने पुरेत. गादी नेणाऱ्याला हातानें हवा पाहण्याची रीत समक्ष दाखवूनच ती द्यावी. दोन गाद्यांचा खर्च संस्थेला जड नाहीं. आणि डॉक्टरांनीं सांगितल्या दिवशींच गादी गांवांत मिळाली, तर तालुक्याच्या खेपेंत व पैशाच्या जमवाजमवींत जे चार-आठ दिवस जातात, ते वांचतील. व्रण होतो तो बहुधा याच दिवसांत. येत्या वार्षिक सभेपुढें कोणा सभासदानें हा ठराव आणावा, अशी आमची विनंति आहे.